पहाटे आठ, दुपारी अठ्ठावीस: नाशिकच्या हिवाळ्यात कुटुंबाला घेऊन बाहेर पडताना

प्रश्न थोडक्यात असा: आम्ही इंदिरानगरला राहतो. मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ६ वर्षांची. सासूबाई ६७ वर्षांच्या, त्यांना हलका दमा आहे. आम्हा दोघांच्या नोकऱ्या, म्हणून सुट्टी फार तर दीड दिवसाची. गेल्या हिवाळ्यात एक रात्र रिसॉर्टवर काढली, तर मुलं खोलीत मोबाइल बघत बसली आणि सासूबाई सर्दी घेऊन परतल्या. यंदा डिसेंबर-जानेवारीत खरोखर उघड्यावर, डोंगरावर, पाण्याकाठी जायचंय. कुठं जावं आणि थंडी बाधू नये म्हणून काय करावं?

ताई, पंचवीस वर्षं झाली, मी नाशिकच्या पोरांना आणि त्यांच्या आईवडिलांना घेऊन डोंगर चढतोय. हिवाळ्यातली सहल ठिकाणामुळे बिघडलेली मी क्वचित पाहिली. बिघडते ती वेळ चुकल्यामुळे. म्हणून ठिकाणं पुढे सांगतो, आधी आपली थंडी कशी असते ते नीट समजून घ्या.

कडाक्याच्या दिवसांत नाशकात पहाटे पारा आठ-नऊवर येतो आणि त्याच दिवशी दुपारी दोनला सत्तावीस-अठ्ठावीस असतो. म्हणजे सात-आठ तासांत अठरा-वीस अंशांची उडी. बर्फाळ मुलखातली थंडी दिवसभर थंडीच राहते, तिथं एकदा जाड जॅकेट चढवलं की काम झालं. आपल्याकडे सकाळी सातला कानटोपी लागते आणि अकराला पोरं घामाघूम. कपडे, खाणं, निघायची वेळ, मुक्कामाची जागा, सगळं या उडीला धरून ठरवायचं.

आणखी एक गोष्ट. सर्वात जास्त गारठा मध्यरात्री नसतो. आकाश निरभ्र असलं की जमीन रात्रभर आपली ऊब सोडत राहते आणि पारा तळाला जातो तो सूर्य उगवता उगवता. जानेवारीत आपल्याकडे सूर्योदय सातच्या जरा पुढे. ही गार हवा जड असते, पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते आणि खोलगट भागात साचते. निफाडचा पारा दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात झळकतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली ती नोंद कधी कधी पाच अंशांच्याही खाली जाते. निफाड काही डोंगरावर नाही, गोदाकाठचा सखल मुलूख आहे. अशा शांत रात्री टेकडीच्या मध्यावर उभं राहिलात तर पायथ्याच्या गावापेक्षा तिथं ऊब जाणवते.

हे मला उशिरा कळलं. सुरुवातीच्या काळात एका धरणाच्या काठी मी चाळीस मुलांचा मुक्काम टाकला होता. पाण्यालगतची सपाट, मऊ गवताची जागा दिसली, मोह झाला, तंबू ठोकले. रात्री दोनपासून एकही पोरगं झोपलं नाही. तंबूच्या आतल्या बाजूनं दहिवर टपकत होतं, गोधड्या ओल्या झाल्या होत्या. सकाळी सहज पन्नास-साठ पावलं वर चढून एका माळावर गेलो, तर तिथलं गवत कोरडं. ती चूक माझी होती. त्या दिवसापासून मी मुक्काम कधीही खोलगटात टाकत नाही.

आता कपड्यांचं. तुमच्या मुलाच्या वयाचाच एक मुलगा कळसूबाईला आमच्याबरोबर होता. मामानं नवं कोरं जाड जॅकेट दिलेलं, बारी गावात गाडीतून उतरल्यावर त्यानं ते गळ्यापर्यंत चेन ओढून घातलं. मी म्हटलं, काढ. तो म्हणाला, थंडी वाजतेय. आईही म्हणाली, राहू द्या ना. पहिली लोखंडी शिडी येईपर्यंत त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. जॅकेट उघडलं तर आतला सुती बनियन पिळून काढावा इतका ओला. तसाच वर पोचला. माथ्यावर वारा होता. दहा मिनिटांत त्याचे दात वाजायला लागले, ओठ काळपट झाले, आणि अंगावर तेच जाड जॅकेट. आतल्या ओलीपुढे बाहेरच्या जाडीचं काही चालत नाही. मी त्याला खडकाच्या आडोशाला नेलं, बनियन काढून माझ्या पिशवीतला कोरडा टीशर्ट घातला, वर स्वेटर, डोक्याला मफलर, हातात गुळाचा खडा. पंधरा मिनिटांत पोरगं हसायला लागलं.

तेव्हापासून पालकांना मी एकच नियम सांगतो: चालायला लागताना थोडं कुडकुडलं पाहिजे. सुरुवातीलाच ऊबदार वाटत असेल तर एक कपडा जास्त झालाय. एका जाड कपड्याऐवजी तीन पातळ घाला. आत खेळाडू घालतात तसला लवकर वाळणारा टीशर्ट, मधे साधा स्वेटर, वरून वारा अडवणारं विंडचीटर. चढ लागला की काढा, थांबलात की लगेच घाला, घाम सुकायची वाट बघू नका. प्रत्येकाचा एक कोरडा टीशर्ट आणि मोज्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. मुलीच्या कानांवरून टोपी खाली ओढलेली असू द्या. आणि सगळ्यांना आठवणीनं पाणी पाजा. थंडीत तहान लागत नाही, पण कोरड्या हवेत अंगातलं पाणी जातच असतं, आणि दुपारच्या डोकेदुखीचं कारण पुष्कळदा तेच असतं.

आता ठिकाणं. तुमच्या घरात सहा वर्षांपासून सदुसष्ट वर्षांपर्यंतची माणसं आहेत, म्हणून पहिली सहल मी नांदूरमध्यमेश्वरची सांगेन. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर ब्रिटिश काळातला बंधारा आहे. वर्षानुवर्षं त्यात गाळ साचत गेला, बेटं तयार झाली, पाणकणीस माजलं, आणि पाखरांना हवा तसला उथळ दलदलीचा मुलूख आपोआप घडला. जानेवारी २०२० मध्ये याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, महाराष्ट्रातलं हे पहिलं. नाशिकहून तासा-सव्वा तासाचा रस्ता आहे. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत आणि दुर्बीण घेऊन बरोबर येणारे गावातलेच वाटाडे मिळतात. वाटाड्या घ्याच. मी इतकी वर्षं जातोय, तरी ती पोरं मला दर वेळी नवं काहीतरी दाखवतात.

घरून पावणेसहाला निघा. काळोखात निघायचं म्हटलं की मुलांना ती मोहीम वाटते, उठवायला त्रास होत नाही. सातला पोचाल तेव्हा पाण्यावर धुकं असेल आणि काही म्हणजे काही दिसणार नाही. निराश होऊ नका. आवाज ऐका. धुक्याच्या आतून हजारो बदकांची कुजबुज चालू असते, मधूनच पंख फडफडतात. साडेसातनंतर ऊन लागतं, धुकं उचललं जातं, आणि समोरचं पाणी पाखरांनी भरलेलं निघतं. मुलीला थापट्या दाखवा, त्याची चोच पुढे उलथन्यासारखी पसरट असते, लहान मुलं ती लगेच ओळखतात. मुलाला पट्टकादंब दाखवा: राखी हंस, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. हा पक्षी हिमालय ओलांडून येतो. अकरा वर्षांच्या मुलाला एवढं सांगितलं की दुर्बीण खाली ठेवत नाही. नारिंगी रंगाची चक्रवाकाची जोडी बहुतेक वेळा काठाला दिसते. आणि मधेच एखादा दलदली भोवत्या पाणकणसावरून खालून तरंगत येतो, तेव्हा चांदवे, बदकं सगळी एकदम उठतात. पाणी फाटल्यासारखा आवाज होतो. तो क्षण बघायला मी अजूनही जातो.

दोन बारकावे. सकाळी ऊन पाठीवर येईल असं उभं राहा, सूर्याकडे तोंड केलंत तर सगळे पक्षी काळेच दिसतील. आणि भडक लाल-पिवळे कपडे नकोत, मातकट रंगाचे घाला. सासूबाईंना मात्र सातच्या धुक्यात बाहेर काढू नका. गार, दमट हवा एकदम छातीत गेली की दमा उसळतो. त्यांनी साडेआठपर्यंत गाडीत काच लावून बसावं, नाकातोंडावरून सुती ओढणी घ्यावी, पंप पर्समध्ये न ठेवता खिशात ठेवावा. ऊन चढलं की घडीची खुर्ची टाकून त्यांना उन्हात बसवा. इथं चढ नाही, पायऱ्या नाहीत, आणि खुर्चीवरून दुर्बिणीनं जे दिसतं ते मनोऱ्यावरून दिसतं त्याहून फार कमी नसतं. निघण्यापूर्वी एकदा त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. दहा-साडेदहाला पाखरं सुस्तावतात, तुम्हीही आवरा. वाटेत मिसळ खाऊन बाराला घरी पोचाल, आणि उरलेली दुपार हातात.

दुसरी सहल रामशेजची. पेठ रस्त्याजवळ आशेवाडी गाव, तिथून वर. शहरापासून अर्ध्या तासावर आहे, चढ तासाभराचा, बराचसा पायऱ्यांचा, तुमची मुलगी हसत चढेल. १६८२ साली मोगलांनी याला वेढा घातला आणि एवढासा किल्ला कित्येक वर्षं हटला नाही. मुलांना ही गोष्ट वर पोचल्यावर सांगा, तटाच्या कडेला बसवून, खालचा मोकळा माळ दाखवत. घरी सोफ्यावर सांगितलेली गोष्ट आणि तिथं सांगितलेली गोष्ट यात फार अंतर पडतं. सासूबाईंना यायचं असेल तर वाटेवरच्या गुहेतल्या राममंदिरापर्यंत हळूहळू जमेल, तेही नऊनंतर.

त्यांच्यासाठी आणखी सोपं हवं असेल तर पांडवलेणी तुमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहेत. लोक व्यायामाला पायऱ्या चढतात आणि लेणी न बघताच उतरतात, याचं मला वाईट वाटतं. चोवीस लेण्यांपैकी निदान तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात थांबा. गौतमी बलश्रीनं आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, केलेलं वर्णन तिथल्या शिलालेखात आहे. नातवाला हे आजीनंच सांगावं.

अंजनेरी थोडी मोठी. त्र्यंबक रस्त्यावरून वर गेलं की पठार, अंजनीमातेचं मंदिर, तळं. पावसाळ्यात तिथं मुंगीसारखी गर्दी असते, हिवाळ्याच्या सकाळी पठार मोकळं सापडतं. या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात, आणि त्यांचा विणीचा काळ हिवाळ्यातलाच. कड्याजवळ स्पीकर लावू नका, हाकाटी करू नका, ड्रोन तर मुळीच नको.

हरिहर किल्ला? तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलगा विचारेल, कारण सगळ्यांच्या मोबाइलवर त्या उभ्या पायऱ्यांचे फोटो असतात. सहा वर्षांच्या मुलीला तिथं नेऊ नका. चढताना भीती वाटत नाही, उतरताना समोरून चढणारी रांग येते आणि त्या कातळात कोरलेल्या अरुंद पायऱ्यांवर दोघांना जागा नसते. मुलगा चौदा-पंधराचा होऊ दे, आठवड्याच्या मधल्या वारी जा.

कळसूबाईला मात्र मुलगा आणि तुम्ही दोघांपैकी एक असे यंदाच जा. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर, आणि आपल्या घोटीवरून जाता येतं. शनिवारी रात्री चढून माथ्यावर सूर्योदय बघायची टूम निघाली आहे. त्या रात्री शिड्यांवर जत्रा असते, झोप बुडते, आणि अंधारात दमलेलं मूल उतरवणं जोखमीचं. तुम्ही रविवारी पहाटे साडेचारला घर सोडा, उजाडता उजाडता बारीतून चढायला लागा, दहाच्या आत माथा, दुपारी दोनपर्यंत खाली. सूर्योदय वाटेत दिसतोच, निम्म्या चढावर पाठीमागून ऊन येतं आणि खालच्या दरीत धुक्याचं दूध सांडलेलं असतं. जानेवारीनंतर गवत वाळून घसरडं होतं, चपट्या तळाचे बूट चालणार नाहीत.

डोंगरावर कुठेही गेलात तरी आग्या मोहोळाकडे लक्ष ठेवा. कडे, गुहा, किल्ल्यांचे दरवाजे, तिथं पोळी लटकलेली असतात. अत्तर, परफ्यूम लावू नका, दगड मारू नका, खाली धूर करू नका. माश्या उठल्याच तर हात झाडायचे नाहीत. तोंड-डोकं कापडानं झाकून, मुलाला पोटाशी धरून तिथून लांब निघायचं. माझ्या बघण्यातले सगळ्यात वाईट अपघात थंडीनं नाही, माश्यांनी झालेत.

मुक्कामाचं. दीड दिवसासाठी घाट उतरून लांब जाण्यात मला अर्थ वाटत नाही, निम्मा वेळ टोलनाक्यावर जातो. दिंडोरीकडे किंवा सप्तशृंगीच्या वाटेवर एखाद्या ओळखीच्या शेतावर रात्र काढा. शनिवारी दुपारी चारला पोचा, कारण सहाला सूर्य मावळतो आणि त्यानंतर भराभर गारठतं. जेवण साडेसातला उरका. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, वर तूप. ज्वारी हुरड्यात आली असेल तर संध्याकाळी हुरडा. मग घराच्या मागं, दिवे बंद करून, गोधड्या पांघरून आकाश बघा. मृग नक्षत्र पूर्वेला वर चढत असतं, त्याच्या वर रोहिणी आणि कृत्तिका, खाली व्याध. डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या सुमारास मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. त्या रात्री चंद्र आडवा आला नाही तर तासाभरात मुलं मोजता मोजता भांडतील. मोबाइल मागणार नाहीत, हे मी खात्रीनं सांगतो.

तंबूतच झोपायचं असेल तर जागा उंचवट्यावर, पाण्यापासून दूर. अंगाखाली पांघरुणाइतकंच जाड काहीतरी हवं, कारण जमीन खालून ऊब ओढते. चटईवर सतरंजी, सतरंजीवर गोधडी. तंबूची वरची जाळी थोडी उघडी ठेवा, नाहीतर श्वासाचंच पाणी होऊन टपकतं. आणि शेकोटीतले निखारे घमेल्यात घालून तंबूत किंवा बंद खोलीत नेऊ नका. कधीही नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, माणसं झोपेतच जातात. शेकोटी बाहेर, गवत खुरपून काढलेल्या जागी, आणि झोपण्यापूर्वी पाणी ओतून हात लावून विझल्याची खात्री करून. राखीव जंगलात शेकोटी पेटवूच नका. एका ठिणगीनं अख्खा डोंगर जळालेला मी पाहिलाय.

शेतकऱ्याविषयी एक विनंती. द्राक्षबाग या दिवसांत ऐन भरात असते. ज्या पहाटे आपल्याला थंडी मस्त वाटते, त्याच पहाटे पारा फार उतरला तर मणी तडकतात. म्हणून तो रात्रभर बागेत ठिकठिकाणी शेकोट्या करत, पाणी सोडत जागा असतो. सकाळी त्याच्या दारात मोठ्यानं गाणी लावू नका. न विचारता बागेत शिरू नका, घड तोडून तोंडात टाकू नका, त्यावर फवारणी झालेली असते. विचारलंत तर तो स्वतः धुतलेला घड हातात देईल, छाटणीपासून सगळं समजावूनही सांगेल.

संक्रांतीची सुट्टी मिळाली तर येवला. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस तिथं गच्च्यांवर हलकडी हे वाद्य वाजत असतं आणि पतंगांमुळे आकाशात जागा नसते. सासूबाईंसाठी हीच खरी सहल, खुर्चीत बसून वर बघायचं. दुचाकीवर असाल तर गळ्याला जाड मफलर गुंडाळा. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी तो सापडतो, आणि गळा कापतो. मुलांच्या हातात साधा दोराच द्या.

आणि सुट्टी अजिबात नसेल त्या आठवड्यात? गंगापूर धरणाकडच्या रस्त्यावर मुलाबरोबर सायकल. २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण करणारे महाजन बंधू आपल्याच गावचे, त्यांच्यानंतर इथं सायकलचं वेड घरोघरी पोचलं. हिवाळ्यात सायकलवर बोटं आणि छाती आधी गारठतात. हातमोजे घाला. विंडचीटर नसेल तर स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवा, वारा अडतो. धुक्यात मागचा लाल दिवा लागलाच पाहिजे. आठच्या आत परत, आंघोळ, नोकरी.

पहिल्या रविवारी चापडगाव करा. आदल्या रात्री पिशवी भरून दारात ठेवा: चहाचा थर्मास, डिंकाचे लाडू, शेंगदाणे-गूळ, दुर्बीण, सासूबाईंची खुर्ची, कोरडे मोजे. गाडीत एक जुना पंचा असू द्या. पहाटे पाच माणसांच्या श्वासानं काचा आतून धुरकटतात, आणि चांदोरीच्या पुढे धुकं लागलं की तो पंचाच कामाला येतो. तिथं वेग तीसवर आणा, दिवे खाली पाडा, आणि रस्त्याकडेला उसाची बैलगाडी असेलच असं धरून चला.